कुंडीतला उंबर



काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या भिंतीच्या फटीत उंबराचे रोप उगवले. लोणावळ्याच्या पावसात यात नवल नाही. भिंत फुटू नये म्हणून मी ते अलगद काढले, उथळ कुंडीत लावले आणि त्याचे बोन्साय केले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढे मोठे होणारे झाड असे कोंडून ठेवणे बरे का?"

मी म्हणाले, "अहो, मी त्याची किती काळजी घेते!"

ते खरेच होते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी. पावसाळ्यात मुळे कुजू नयेत म्हणून कुंडी झड लागणार नाही अशा जागी. थंडीत वरची माती सुकल्यावरच पाणी. दोन वर्षांनी मुळांची छाटणी आणि नवी माती.

एकदा मे महिन्यात आम्ही चार दिवस लग्नाला गेलो. परतलो तेव्हा सारी पाने गळली होती. रस्त्याकडेचा उंबर मात्र हिरवागार होता. त्याला कोणी पाणी घालत नाही. त्याची मुळे पाण्यापर्यंत जातात. माझ्या झाडाची ती वाट मीच बंद केली होती. माझे पाणी म्हणजे उपकार नव्हते, ते देणे होते.

जपानच्या मासारू यामाकी यांनी १९७६ साली अमेरिकेला एक बोन्साय पाईन भेट दिला. तो १६२५ पासून जोपासलेला होता. ६ ऑगस्ट १९४५ च्या हिरोशिमातील अणुबॉम्बमधूनही तो वाचला. पण उन्हाळ्यातल्या आठवडाभराच्या दुर्लक्षातून तो वाचला नसता. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी हे देणे फेडत आले.

माझ्या सासूबाई मावळातल्या गावी राहत. गुडघे थकले म्हणून आम्ही त्यांना फ्लॅटमध्ये आणले. "आम्ही त्यांना काही कमी पडू देत नाही," असे मी सांगत असे. पण गावी दारातून येणारी-जाणारी माणसे त्यांच्याशी बोलत. इथे दार बंद असते.

काकूंना आज मी सांगेन: आणणे चूक नव्हते. पण ज्याचे अंगण आपण सोडवले, त्याला अंगण जे देत होते ते आता आपणच द्यायचे, आणि त्याचा उपकार म्हणून हिशेब ठेवायचा नाही.

उंबराला पुन्हा पालवी फुटली आहे. आज मिस्साहून घरी गेल्यावर, आपल्या आधाराने राहणाऱ्या माणसाजवळ थोडा वेळ बसू या का?