विश्वासावर वाढलेलं ताट

मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या खानावळीत गिरणी कामगार महिनाभर उधारीवर जेवायचा आणि पगार झाला की हिशेब चुकता करायचा. कोकणातून, घाटावरून एकटाच आलेला हा माणूस गावकीच्या खोलीत पाळीपाळीने पाठ टेकायचा. घरचं म्हणावं असं जेवण त्याला देणारी बाई स्वतः सावकाराच्या व्याजाखाली दबलेली असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते या बायांसाठी. त्यांच्याकडे गहाण टाकायला काही नव्हतं. त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. तरीही अनेक खानावळवाल्यांनी ताटं वाढणं थांबवलं नाही. पुढे माणसं गावी परतली आणि कितीतरी उधारी बुडाली. नुसत्या विश्वासावर घर चालत नाही, हे गिरणगावाने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. गरिबीत सुख असतं असं कोणी म्हणू नये. पगार हवाच.

पण पगार वाढला की सुख वाढतंच, असंही नाही; त्याला माणसांवरचा विश्वासही लागतो. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालाने हरवलेल्या पाकिटाचा विचार केला आहे. आपलं पाकीट कोणीतरी परत आणून देईल असं ज्यांना वाटतं, ती माणसं अधिक समाधानी असतात. आणि आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त पाकिटं खरोखर परत येतात. म्हणजे माणसांवरचा आपला अविश्वासच अवाजवी आहे.

गिरणगावातल्या विश्वासालाही कुंपण होतं, ते झाकून ठेवणं मला पटत नाही. तो बहुधा आपल्या गावापुरता, आपल्या जातीपुरता असे. तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता.

आज गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत. त्यांतल्या काहींच्या गेटवर घरकामाच्या बाईची पिशवी जाताना तपासली जाते. तिच्या हाती आपण घराची किल्ली आणि तान्हं मूल सोपवतो, मग ही झडती कशासाठी? सोसायटीच्या पुढच्या सभेत ती बंद करण्याचा ठराव मांडा. आणि तिने पगारातून उचल मागितली, तर कारण न विचारता द्या.