बाजारातली रणनीती

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या परतवाड्यापासून समुद्र फार लांब. तरी आज आठवण व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांची. १९७१ च्या भारत-पाक युद्धात ते पूर्व नौदल कमांडचे प्रमुख होते. हाती विमानवाहू जहाज एकच, 'विक्रांत', आणि त्याचाही बॉयलर तडकलेला. कृष्णन यांनी विक्रांत अंदमानात दडवली. इकडे विशाखापट्टणमच्या बाजारातून मोठ्या जहाजाला लागेल इतका भाजीपाला नि मांस मागवलं! हेरांना वाटावं, विक्रांत इथंच आहे. लढाई भाजीबाजारातूनही लढणारा हा सेनापती मला फार थोर वाटतो. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विक्रांतच्या शोधात विशाखापट्टणमलाच आली आणि तिथंच बुडाली. ४ डिसेंबरला विक्रांतवरून उडालेली सी हॉक विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर जाऊन धडकली.