चिवट दुखण्याचा दुसरा रोगी

१७६३ सालच्या जानेवारीत लंडनमध्ये २२ वर्षांचा एक स्कॉटिश तरुण आपल्या खोलीत अडकून पडला होता. त्याचं नाव जेम्स बॉस्वेल. पुढे सॅम्युअल जॉन्सनचं चरित्र लिहून त्याने मोठं नाव मिळवलं. त्या महिन्यात मात्र त्याला लघवीच्या जागी जीवघेणी आग होत होती आणि पू जात होता. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला परमा म्हणतात, तोच हा रोग. काही दिवसांपूर्वीच एका नटीशी त्याचं सूत जुळलं होतं. रोजनिशीत त्याने तिला लुईसा म्हटलं आहे. लक्षणं दिसताच त्याने जाऊन तिला जाब विचारला. तिने सांगितलं की तीन वर्षांपूर्वी आपल्याला हा त्रास झाला होता, पण गेले पंधरा महिने आपण ठणठणीत आहोत आणि सहा महिन्यांत बॉस्वेलशिवाय कुणाशीही आपला संबंध आलेला नाही. त्याला ते पटलं नाही. तिला उसने दिलेले दोन गिनी त्याने पत्र लिहून परत मागितले. तिने पैसे पाकिटात घालून पाठवले. सोबत एक ओळही नव्हती.

या रोगाच्या इतिहासात मला हे पान फार मोलाचं वाटतं. लुईसा बहुधा खरं बोलत होती. परम्याचा जंतू पुरुषाच्या मूत्रमार्गात शिरला की चार-आठ दिवसांत आग होते, पू येतो. बाईच्या गर्भाशयमुखात मात्र तोच जंतू महिनोन्महिने गुपचूप राहू शकतो. आग नाही, वेदना नाही, कपड्यावर डाग पडला तरी तो अंगावरून जाणाऱ्या नेहमीच्या पांढऱ्यासारखा. बॉस्वेलला शल्यवैद्य मिळाला, पथ्य मिळालं, पाच आठवड्यांची विश्रांती मिळाली. लुईसाच्या वाट्याला आरोप आला. ती आजारी असू शकते, तिलाही उपचार लागतो, हे ना रोग्याच्या मनात आलं ना वैद्याच्या.

अठराव्या शतकातल्या वैद्यकग्रंथांत या दुखण्याचं वर्णन एका मोठ्या तक्रारीसह येतं: ते जाता जात नाही. महिनाभर बरं वाटतं, पुन्हा चिकट स्राव सुरू होतो. वर्षं लोटतात, लघवीची धार बारीक होत जाते. वैद्य दोष देत रोग्याच्या प्रकृतीला, हवेला, पथ्य मोडण्याला. माझ्या मते या चिवटपणाचा मोठा वाटा उपचाराच्या रचनेतच होता. रोग दोघांचा होता आणि औषध एकालाच मिळत होतं. बरा झालेला पुरुष त्याच अंथरुणावर परतायचा आणि तोच जंतू परत घ्यायचा.

औषधं तरी कोणती होती? मुख्य औषध पारा. पाऱ्याचं मलम मांड्यांना आणि पायांना चोळायचं, रोग्याला उबदार खोलीत कोंडायचं आणि तोंडाला लाळ सुटण्याची वाट पाहायची. दिवसाला दीड-दोन लिटर लाळ गळली की उपचार लागू पडला असं मानत, कारण शरीरातला दूषित रस त्या वाटेने बाहेर पडतो ही समजूत. हिरड्या सडत, दात हलत, श्वासाला दुर्गंधी येई. गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, चट्ट्यांवर पाऱ्याचा काही परिणाम दिसायचा. परम्यावर मात्र त्याचा उपयोग जवळजवळ नव्हता. तरीही दोन्ही रोगांना तोच दिला जाई, कारण दोन्ही एकाच विषाची रूपं आहेत असा समज होता.

तो समज पक्का करण्यात जॉन हंटर या थोर शल्यवैद्याचा हात होता. १७६७ साली त्याने केलेला प्रयोग १७८६च्या त्याच्या ग्रंथात नोंदला आहे. परम्याचा पू नस्तराच्या टोकावर घेऊन एका पुरुषाच्या जननेंद्रियावर टोचण्या केल्या. तिथे गरमीचा व्रण उठला, मग घसा धरला, अंगावर चट्टे आले. पुढली तीन वर्षं पाऱ्याने एकेक लक्षण दाबण्यात गेली. निष्कर्ष निघाला की रोग एकच. आज दिसतं ते एवढंच की ज्याचा पू घेतला त्याला दोन्ही रोग असणार. १७९३ साली एडिंबराच्या बेंजामिन बेलने हे दोन वेगळे रोग असल्याचं मांडलं, पण हंटरच्या नावाचा दबदबा मोठा होता. पॅरिसच्या फिलिप रिकॉर्डने १८३८ साली शेकडो टोचण्यांच्या आधारे वाद निकालात काढला. हंटरने टोचलेला तो माणूस कोण, याचा वाद आजही चालतो. तो स्वतः हंटरच होता असं पुष्कळांना वाटतं. मला टोचतं ते वेगळंच. ज्याच्याकडून पू घेतला तो रोगी आणि त्याच्या घरची बाई यांची आठवण कुणीच काढत नाही.

आपल्याकडे याच रोगांची गोष्ट दोन शतकं आधी सुरू झाली होती. पोर्तुगीजांबरोबर गरमी किनाऱ्यावर उतरली आणि सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’मध्ये फिरंगरोग म्हणून तिची स्वतंत्र नोंद केली. सुश्रुताने सांगितलेल्या उपदंश या गुप्तांगाच्या जुन्या रोगात हा नवा रोग कोंबणं सोपं होतं. भावमिश्राने तसं केलं नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो. पोथीला जे ठाऊक नव्हतं ते त्याने डोळ्यांनी पाहून लिहिलं. रसकापूर हे पाऱ्याचंच औषध त्याने सांगितलं, पण युक्तीने: कणकेच्या गोळीत घालून, दातांना न लागू देता गिळायचं, वर विडा खायचा, आंबट आणि मीठ वर्ज्य करायचं. पाऱ्याने तोंड येतं हे वैद्याला कळलं होतं आणि रोग्याचं तोंड वाचवण्याची धडपडही होती. सौम्य औषध हवं असेल तर चोपचिनी होतीच. ती चीनच्या व्यापारातून साधारण १५३५च्या सुमारास गोव्यात आली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणाऱ्या गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या पोर्तुगीज ग्रंथात तिच्यावर एक प्रकरण लिहिलं. युरोपात तिची कीर्ती इतकी पसरली की शरीररचनाशास्त्राचा जनक वेसालियस यानेही १५४६ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. रोग तिकडून आला होता, औषधं इकडून तिकडे जात होती. कबाबचिनी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जावा-हिंदुस्थानातल्या गोऱ्या डॉक्टरांनी परम्यासाठी इंग्लंडात नेली.

पण भावमिश्राच्या नजरेतही बाई येते ती रोगाचं कारण म्हणून. फिरंगी स्त्रीच्या संगाने रोग होतो, असं निदान सांगितलं आणि पथ्यात स्त्रीसंग वर्ज्य केला. तिला रसकापूर किती द्यायचा, हा प्रश्न त्यात नाही. लंडनच्या वैद्याला आणि आपल्या वैद्याला एकच अर्धी बाजू दिसत होती.

लघवीचं प्रत्येक चिवट दुखणं मात्र या वाटेने येत नाही. फ्रेंच विचारवंत रूसोला जन्मभर लघवी तुंबण्याचा त्रास होता. त्याला परमा झाला नव्हता. तरी त्याच्या मूत्रमार्गात घातल्या त्या दारान या शल्यवैद्याच्या नावाजलेल्या मेणकापडी सळ्याच. परम्याच्या व्रणांनी आकुंचन पावलेली नलिका रुंदावण्यासाठी त्या बनवल्या होत्या आणि त्यांवरच्या लेपाची कृती दारानने गुप्त ठेवली होती. दारान मेला तर सळ्या मिळणार नाहीत या भीतीने रूसोने त्यांचा साठा करून ठेवला. १७५२ साली त्याचं संगीतनाटक पाहून फ्रान्सचा राजा खूश झाला, भेटीला बोलावलं, निवृत्तिवेतन मिळण्याची शक्यता होती. रूसो गेला नाही. राजासमोर उभं असताना लघवीची घाई झाली तर काय, ही भीती त्यामागच्या कारणांत होती. शेवटी फ्रेर कोम या मूतखड्याच्या तज्ज्ञाने तासन् तास तपासून सांगितलं की खडा नाही, प्रोस्टेट वाढलेली आहे, त्रास खूप होईल पण आयुष्य मोठं आहे. १७७८ साली शवविच्छेदन झालं तेव्हा मूत्राशयात नाव घेण्यासारखं काही सापडलं नाही. वेगवेगळी दुखणी एकाच लाजेखाली झाकली गेली की त्यांना एकाच सळईने टोचलं जातं.

आमच्या विदर्भातल्या मारेगाव-वणीच्या पट्ट्यात हे आजही दिसतं. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी डबा घेऊन वावरात जातात. दिवसभर आडोसा नसतो म्हणून पाणीच कमी पितात. संध्याकाळी उन्हाळी लागते, लघवीला आग होते. मग धने-जिऱ्याचं पाणी, गोखरूचा काढा, ओटीपोटावर पळसफुलांचा शेक. पाण्याच्या कमतरतेने होणाऱ्या आगीला यातून आराम वाटतो आणि ते औषध मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्याच एका ‘आग होते’ या शब्दाआड कुणाच्या मूत्राशयात जंतू असतो, कुणाच्या गर्भाशयमुखात, आणि कुणाचा नवरा जिनिंगच्या हंगामात किंवा ट्रकच्या फेऱ्यांत परमा घेऊन आलेला असतो. तिन्हींचं औषध निराळं आहे. तपासल्याशिवाय ते कळत नाही आणि तपासणीसाठी जे बोलावं लागतं तेच बोललं जात नाही.

इंग्रजांनी हिंदुस्थानात हा प्रश्न सोडवायला घेतला तो उलट्या टोकाने. १८६४च्या छावणी कायद्याने आणि १८६८च्या सांसर्गिक रोग कायद्याने सैनिकांच्या संपर्कातल्या बायांची नोंद, सक्तीची तपासणी आणि रोग आढळला तर रुग्णालयात कोंडणं सुरू झालं. आपल्या बाजूची कामठी ही अशीच छावणी. सैनिकांवर तशी सक्ती नव्हती. जे वैद्यक इतकी वर्षं बाईकडे पाहत नव्हतं ते आता फक्त तिच्याकडेच पाहू लागलं, तेही पोलिसाच्या डोळ्यांनी. १८८८ साली कायदा मागे घेतला गेला. अर्धा उपचार कुठल्याही बाजूचा असला तरी अर्धाच राहतो, हे सरकारला फार उशिरा उमगलं.

१८७९ साली नायसरला परम्याचा जंतू सापडला, १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन यांना गरमीचा. १९४३ साली पेनिसिलिनने गरमी बरी होते हे सिद्ध झालं. औषधाचा प्रश्न तेव्हापुरता सुटला. बोलण्याचा सुटला नाही. महाराष्ट्रात त्यासाठी एकट्याने झुंजणारा माणूस म्हणजे र. धों. कर्वे. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिलं, वाचकांच्या अडचणींना छापून उत्तरं दिली. त्या उत्तरांपायीच अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. कोर्टाने दंड केला. लैंगिक विषयावरच्या साध्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणं हा ज्या समाजात गुन्हा ठरतो, तिथे रोगी भोंदूकडे जाणार हे ठरलेलंच. १९५४च्या कायद्याने गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी आली. तरी एसटी स्टँडच्या भिंतींवर खात्रीशीर इलाजाचे कागद चिकटलेले दिसतात आणि ते सगळे पुरुषाशी बोलतात. बॉस्वेलनेही १७६९ साली लग्नाआधी अर्ध्या गिनीला एक बाटली, या दराने केनेडीचं लिस्बन पेय हे असंच खात्रीचं औषध घेतलं होतं. १७९५ साली तो मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. वारंवारच्या परम्याने आकुंचलेला मूत्रमार्ग त्याच्या मुळाशी होता, असं अभ्यासक मानतात.

लुईसाच्या बाजूचा पुरावा मिळाला तो आपल्या विदर्भात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा जगाच्या आरोग्यधोरणाला धक्का बसला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता. सरासरी एका बाईला ३.६ रोग. त्यांतला निम्मा भार जंतुसंसर्गाचा. याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या अवघ्या ८ टक्के. मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक आकडा: ४५ टक्के स्त्रियांची काही तक्रारच नव्हती. म्हणजे आपण बरे आहोत असं मनापासून सांगणाऱ्या कितीतरी बाया आजारी होत्या. लंडनच्या त्या नटीचं म्हणणं बॉस्वेलने खोटं ठरवलं होतं. गडचिरोलीच्या खेड्यांनी ते शक्य होतं हे दाखवून दिलं, कारण तिथे कुणीतरी बाईला आधी विचारलं, मग तपासलं, आणि तिच्यावर आरोप केला नाही.

आज सरकारी रुग्णालयांतल्या या रोगांच्या उपचारासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने रंगवार पाकिटं ठरवून दिली आहेत. पुरुषाच्या लघवीवाटे पू जात असेल तर करडं पाकीट: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम, एकदाच, फुकट. जोडीदारालाही तेच घ्यायला सांगतात. शतकानुशतकांच्या पाऱ्यापेक्षा मोठा शोध मला त्या दुसऱ्या पाकिटात दिसतो. पण ते पाकीट घरापर्यंत पोचण्यासाठी नवऱ्याला बायकोशी एक वाक्य बोलावं लागतं आणि तिथेच गाडी अडते. तो एकटा गोळ्या खाऊन मोकळा होतो. सहा महिन्यांनी पुन्हा येतो. त्या गाठीला हात घालण्याचं काम डॉक्टरपेक्षा आशाताईला आणि समुपदेशकाला जास्त जमतं, हे गावात राहणारा कुणीही सांगेल. नवऱ्याची चूक बायकोला सांगण्याऐवजी ‘दोघांना लघवीचा संसर्ग आहे, दोघांनी आजच गोळ्या घ्यायच्या’ असं सांगितलं तर घर मोडत नाही आणि औषधही पोटात जातं. मात्र बाईने विचारलं तर तिला खरं उत्तर मिळालंच पाहिजे. तिच्या शरीरातलं तिला कळू न देणं म्हणजे पुन्हा भावमिश्राच्या काळात जाणं.

घाई अशासाठी की परम्याचा जंतू थांबलेला नाही. सल्फाची औषधं त्याने दहा-बारा वर्षांत निकामी केली, मग पेनिसिलिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. आता सेफिक्सिमलाही दाद न देणारे वाण जगात आढळले आहेत. अर्धवट उपचार झालेल्या प्रत्येक जोडप्यात त्याला पुढचं औषध पचवायला वेळ मिळतो. मारेगावच्या ग्रामीण रुग्णालयात पुढच्या वेळी कुणी लाजत लाजत आगीची तक्रार सांगेल तेव्हा चिठ्ठीवर दोन नावं असायला हवीत. वेचणीच्या वावरात पाण्याचा माठ आणि चार काठ्यांचा आडोसाही हवा, कारण आमच्या बायांचं बरंच दुखणं तर कुठल्याच जंतूचं नसतं.