तहारत, लाज आणि इलाज



फिक्हच्या बहुतेक ग्रंथांचा आरंभ तहारतच्या प्रकरणाने होतो. मदरशात 'कुदूरी' शिकणारा बारा-चौदा वर्षांचा मुलगा याच प्रकरणापासून सुरुवात करतो. लघवी, तिचे थेंब, इस्तिंजा, वुजू केव्हा तुटतो हे सर्व तो खणखणीत आवाजात वाचतो आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. दीनने ज्या गोष्टी इतक्या मोकळेपणाने शिकवल्या, त्याच गोष्टी पन्नाशीत डॉक्टरांपुढे बोलताना मात्र आपली जीभ अडखळते.

मशिदीत इमामाला सर्वांत दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असतो. सफा रिकाम्या झाल्यावर एखादे वयस्कर गृहस्थ जवळ येतात आणि म्हणतात, "मौलाना, कतरे येतात. नमाज होते का?" प्रश्न रास्त आहे. नमाजची फिकीर हे ईमानचे लक्षण आहे. पण हा निम्माच प्रश्न आहे. कतरे का येतात, केव्हापासून येतात, धार पूर्वीसारखी आहे का, रात्री किती वेळा उठावे लागते, हा उरलेला निम्मा प्रश्न इमामाचा नाही. तो डॉक्टरांचा आहे आणि तो कोणी विचारतच नाही.

लघवीच्या बाबतीत आपल्या मनात धास्ती आहे, आणि तिला आधार आहे. प्रेषित मुहम्मद (स.) दोन कबरींजवळून जात असता त्यांनी सांगितले की, या दोघांवर अजाब होत आहे, एकजण चहाड्या करीत असे आणि दुसरा लघवीपासून स्वतःला जपत नसे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. ती ऐकून जो सावध होतो त्याने योग्य तेच केले. परंतु काहीजणांची सावधगिरी वस्वसाचे रूप घेते. अर्धा अर्धा तास इस्तिंजाखान्यात जातो, पुन्हा पुन्हा कपडे तपासले जातात, नमाजमध्येही लक्ष तिकडेच. अशांसाठी फुकहांनी स्पष्ट नियम सांगितला आहे की, शंकेने वुजू तुटत नाही, खात्रीने तुटतो. थोडे खाकरावे, चार पावले चालावे, पाण्याने स्वच्छ व्हावे आणि विषय संपवावा.

आता दुसरी बाजू पाहा. एक ग्रामीण अरब मशिदे नबवीतच लघवी करू लागला. लोक त्याला रोखण्यासाठी धावले. प्रेषितांनी (स.) लोकांना थांबवले, त्याला पुरे करू दिले, नंतर त्या जागी बादलीभर पाणी ओतवले आणि त्याला मशिदीचा आदब प्रेमाने समजावला. हदीसच्या भाष्यकारांनी यामागचे एक कारण असे सांगितले आहे की, मध्येच रोखल्याने त्या माणसाच्या शरीराला इजा झाली असती. मशिदीच्या जमिनीची पाकी पाण्याने परत येणार होती. माणसाच्या देहाचा विचार आधी झाला. लघवी किंवा शौच दाबून धरून नमाज पढू नये, ही मुस्लिममधील हदीसही याच अंगाने वाचावी. जमाअत चुकेल म्हणून दाबून उभे राहणाऱ्याने ती विशेष लक्षात ठेवावी.

लाजेविषयी हजरत अलींचा (रजि.) प्रसंग आपल्याला वाट दाखवतो. त्यांना मजी येण्याचा त्रास वारंवार होत असे. मसला विचारायचा तर समोर प्रेषित (स.), म्हणजे प्रत्यक्ष सासरे! त्यांना संकोच वाटला. पण संकोचापायी प्रश्न गिळून ते घरी बसले नाहीत. त्यांनी हजरत मिकदाद (रजि.) यांना विचारायला पाठवले, उत्तर मिळाले आणि ते आज आपल्यापर्यंत पोहोचले. ज्याला स्वतः बोलणे जड जाते त्याने मुलाला, भावाला, जावयाला सोबत न्यावे. कागदावर लिहून न्यावे. हयासुद्धा राहते आणि काम अडत नाही. अन्सारच्या स्त्रियांची तर हजरत आयेशा (रजि.) यांनी तारीफ केली की, लाजेने त्यांना दीन शिकण्यापासून रोखले नाही.

हजरत जैद बिन साबित (रजि.) हे कुरआनच्या संकलनाचे काम ज्यांच्यावर सोपवले गेले ते थोर सहाबी. म्हातारपणी त्यांना लघवी न थांबण्याचा विकार जडला. त्यांच्याविषयीच्या रिवायतीत क्रम फार बोलका आहे. आधी ते जमेल तितका इलाज करीत, आणि विकार आवरेनासा झाला की वुजू करून नमाज पढत. इलाज आधी, सवलत नंतर. आपण हा क्रम उलटा केला आहे. मअजूरचा हुकूम समजला की समाधान मानतो आणि इलाजाचे नाव काढत नाही.

यात धोका कोणता, तो नीट समजून घ्यावा. पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. पन्नाशीनंतर ती अनेकांत वाढू लागते आणि मार्ग आवळला जातो. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, होऊनही पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. ही वाढ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते आणि सुरुवातीला गोळ्यांनीच आराम पडतो. पण वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर मूत्राशय कधीच रिकामे होत नाही. ते काठोकाठ भरलेले राहते आणि वरचे पाणी थेंबाथेंबाने सांडते. माणसाला वाटते, 'मला कतरे येतात'. प्रत्यक्षात आत लघवी तुंबलेली असते आणि तिचा दाब उलट मूत्रपिंडांवर पडत असतो. अशा माणसाने केवळ फतवा घेतला तर त्याची नमाज दुरुस्त होईल, मूत्रपिंडे मात्र निकामी होत जातील. आणि यात वेदना होतेच असे नाही, म्हणून तो निश्चिंत असतो.

काही लक्षणांत दिवस मोजत बसू नये. लघवीतून रक्त एकदाच गेले, दुखले नाही, पुन्हा गेले नाही, तरीही मूत्रविकारतज्ज्ञांना म्हणजे यूरॉलॉजिस्टना दाखवलेच पाहिजे. न दुखणारे रक्त अधिक गांभीर्याने घ्यावे, कारण ते मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकते. विशेषतः बिडी, सिगारेट ओढणाऱ्यांनी. कंबरेच्या बाजूला कळ आणि सोबत थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगले, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याने सर्दीची गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये. तिच्यातील काही औषधांनी लघवी अडते. वारंवार लघवी आणि सारखी तहान असेल तर आधी रक्तातील साखर तपासावी.

आपल्या नाशिक जिल्ह्यात मूतखड्याचा विषयही ओघाने येतोच. मालेगावच्या यंत्रमागांवर उकाड्यात बारा-बारा तास उभा राहणारा कारीगर घाम गाळतो आणि पाणी कमी पितो. लघवी गडद पिवळी होते, क्षार साचतात, खडा धरतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो. मोठा असेल तर आज दुर्बिणीने किंवा ध्वनिलहरींनी फोडता येतो. 'बिअर प्या, खडा पडेल' असा सल्ला देणारे मित्र कारखान्यात भेटतात. ती हराम तर आहेच, शिवाय इलाज म्हणूनही निरुपयोगी आहे. रमजानमध्ये खड्याच्या रुग्णाने इफ्तार ते सहरी पाणी वाटून प्यावे. रोजाने अपाय होईल असे भरवशाच्या डॉक्टरांनी सांगितले तर कुरआनने आजाऱ्याला दिलेली मुभा घ्यावी आणि नंतर कजा करावी.

भगिनींची अडचण वेगळी आहे. मेन रोड, भद्रकालीच्या बाजारात जायचे तर स्वच्छ जागा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी आहेत. स्त्रियांचा मूत्रमार्ग पुरुषांपेक्षा बराच आखूड असतो, म्हणून जंतू लवकर वर चढतात. जळजळ झाली की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या आणि बरे वाटले की सोडायच्या, ही सवय घातक आहे. लघवी तपासून औषध घ्यावे व ते पूर्ण करावे. गरोदरपणात तर मुळीच चालढकल नको. बाळंतपणांनंतर शिंकताना, खोकताना लघवी निसटणे हे नशीब नव्हे, तो विकार आहे आणि ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने तो पुष्कळ कमी होतो.

स्त्री डॉक्टर मिळाल्या तर उत्तमच. न मिळाल्यास गरजेपुरते पुरुष डॉक्टरांना दाखवण्यास शरीअतची मनाई नाही. हजार वर्षांपूर्वी कुर्तुबाजवळचे अबुल कासिम जहरावी यांनी आपल्या 'अत्-तसरीफ' या ग्रंथात मूत्राशयातील खडा काढण्याची शस्त्रक्रिया तपशिलाने लिहिली. रुग्ण स्त्री असेल तर जाणत्या दाईने वैद्याच्या सांगण्याप्रमाणे हात चालवावा, असा मार्गही सुचवला. पडद्याचा विचार त्यांनी केला, पण त्यासाठी इलाज टाळला नाही.

खर्चाची सबब पुष्कळदा ऐकू येते. जुन्या नाशिककरांना कथड्याचे महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. प्राथमिक तपासणी तेथे किंवा जिल्हा रुग्णालयात करून घ्यावी. शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रविकारांचे उपचार होतात, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत या विभागाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. स्टेशनजवळच्या भिंतींवर 'गुप्तरोगांचा खात्रीशीर इलाज' रंगवणाऱ्यांकडे जो पैसा जातो, त्याच्या थोड्या भागात सोनोग्राफी होते.

इतके करूनही विकार राहिला तर आता मसला ऐका. हनफी मस्लकानुसार एका फर्ज नमाजचा संपूर्ण वक्त असा गेला की वुजू करून ती नमाज पढण्याइतकाही खंड मिळाला नाही, तर माणूस मअजूर ठरतो. पुढे प्रत्येक वक्तात एकदा जरी थेंब आला तरी तो मअजूरच राहतो. त्याने प्रत्येक वक्तासाठी वुजू करावा आणि त्या वक्तात फर्ज, सुन्नत, नफिल, तिलावत सर्व काही करावे; थेंबाने तो वुजू तुटणार नाही, वक्त संपला की संपेल. शाफई बांधवांनी, आपल्या कोकणी कुटुंबांत बहुधा हाच मस्लक आहे, वक्त झाल्यावर प्रत्येक फर्जसाठी नवा वुजू करावा. कापूस किंवा पॅडने थेंब अडत असतील तर ते लावणे आवश्यक आहे. मअजूर व्यक्तीने निरोगी लोकांची इमामत करू नये.

ज्यांना शस्त्रक्रियेनंतर नळी आणि पिशवी लावली आहे त्यांच्यासाठीही हाच हुकूम आहे. नमाजपूर्वी शक्य असल्यास पिशवी रिकामी करावी, उभे राहवत नसेल तर बसून पढावी. त्या दिवसांत जमाअत सुटली तर त्यांच्यावर गुनाह नाही. घरच्यांनी त्यांच्यासाठी कोरडी, स्वच्छ जागा आणि हाताशी पाणी ठेवावे.