विचारलं असतंस तर फुकट दिला असता

मागच्या वर्षी मी वेरूळजवळच्या एका हॉटेलची वेबसाइट बनवून दिली. नोकरीबाहेरचं काम, शनिवार-रविवारी करायचं. पहिल्या पानावर एक मोठा फोटो हवा होता. हॉटेलवाल्यांकडे खोल्यांचे आणि पनीरच्या भाजीचे फोटो होते, वेरूळचा एकही नव्हता. मग मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी टाकलेला एक फोटो उचलला. भर पावसात एकोणतिसाव्या लेण्याशेजारी कोसळणारा धबधबा. व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेली फाईल होती. एका टूलमध्ये टाकून ती मोठी केली आणि साइट लाइव्ह केली.

मामांचा औरंगपुऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, लग्नं, बारशी. तीन महिन्यांनी त्यांच्याच एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर त्यांना ती साइट दाखवली. संध्याकाळी फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "विचारलं असतंस तर फुकट दिला असता. आणि पाण्याचा कापूस कोणी केला रे?"

पहिलं वाक्य डोक्यातून जाईना. फुकटच देणार होते, तर मी त्यांचं नेलं काय?

मी स्वतःच्या बाजूने जमेल तेवढं भांडून पाहिलं. फाईलची कॉपी केली म्हणून मूळ फाईल कुठे जात नाही. कुणाची सायकल नेली तर त्याला चालत जावं लागतं. फोटो नेला तर त्याच्याकडे फोटो असतोच. मामांचं गिऱ्हाईकही तुटलं नव्हतं, कारण ते हॉटेल त्यांच्याकडे फोटो मागायला जाणारच नव्हतं. नुकसान शून्य, किंमत शून्य. हिशोब बरोबर येत होता, तरी काहीतरी चुकत होतं.

गंमत म्हणजे त्याच साइटच्या कोडमध्ये मी असं केलं नव्हतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसऱ्याची लायब्ररी वापरायच्या आधी लायसन्स बघतो. कंपनीत तर त्याची यादीच असते, कोणतं चालेल आणि कोणतं नाही याची. सगळ्यात सैल म्हणून ओळखलं जाणारं एमआयटी लायसन्स घ्या. पैसे नाहीत, कशालाही वापरा, बदला, विका. अट एवढीच की मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर सोबत ठेवायचा. म्हणजे तिथेही किंमत शून्यच आहे, पण ते शून्य लेखकाने ठरवलेलं आहे. मामांच्या फोटोचं शून्य मी ठरवलं. देणगी आणि चोरी यांच्या पावतीवर आकडा एकच दिसतो. तो कोणाच्या हाताने लिहिला, यावरून पावती कशाची ते ठरतं.

मग फोटोची किंमत नेमकी कशाची असते? मामा म्हणतात, त्या फोटोसाठी तीन वर्षांचे जुलै गेले. मंगळवारी वेरूळ बंद. बाकीच्या दिवशी पाऊस असला तर लग्नाची किंवा मुंजीची ऑर्डर, ऑर्डर नसली तर ऊन. पण मेहनतीवरून भाव ठरत नाही, हेही तेच सांगतात. हाच फोटो शाळेच्या प्रकल्पासाठी मागितला तर फुकट, हॉटेलच्या साइटवर वर्षभरासाठी चार हजार, आणि क्रांती चौकातल्या होर्डिंगवर लावायचा तर बसून बोलू. एकाच फाईलचे तीन भाव मला आधी लबाडी वाटायची. पण आम्हीही तेच विकतो. विद्यार्थ्याला फुकट, कंपनीला माणशी महिन्याला अमुक. फाईल कोणी विकत नसतं. ती कुठे, किती काळ आणि कशासाठी वापरायची, याची परवानगी विकली जाते.

हा भाव गेल्या पंचवीस वर्षांत घसरत आला. २००० साली आयस्टॉकफोटो सुरू झालं, तेव्हा हौशी लोक आपसात फोटोंची देवाणघेवाण करत. पुढे तिथे थोडक्या डॉलरांत फोटो विकले जाऊ लागले, आणि २००६ मध्ये गेटी इमेजेसने ती कंपनी ५ कोटी डॉलरला घेतली. 'रॉयल्टी फ्री' हा शब्द तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसला. त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरा आणि परत परत वापरा, असा आहे. आपण मात्र त्यातला 'फ्री' तेवढा ऐकला.

उदार माणसाचं काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. कॅरल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत लोकांना मोकळे करून दिले. आणि त्यांच्याच एका फोटोबद्दल, एका एजन्सीच्या वतीने, त्यांच्याच संस्थेकडे १२० डॉलर मागणारं पत्र आलं. २०१६ मध्ये त्यांनी गेटीवर दावा लावला. हक्क आधीच सोडलेले असल्याने कॉपीराइटचा मुद्दा कोर्टात टिकला नाही. कायद्याने ते बरोबरच असेल. पण पाणपोईचं पाणी बाटलीत भरून, ते पाणपोईवाल्यालाच विकावं, तसं हे झालं.

इथवर मी मामांच्या बाजूने लिहितोय असं वाटेल. पण स्टुडिओच्या इन्स्टाग्राम पेजवर नवऱ्या मुलींचे फोटो असतात. मेंदी, हळद, पाठवणीचं रडू. एका मुलीने ते काढायला सांगितलं, तेव्हा मामा वैतागले होते, "माझं काम आहे ते!" मी १९५७चा कॉपीराइट कायदा उघडून त्यांना कलम १७ दाखवलं. पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. वेरूळचा धबधबा मामांचा, लग्नाचा अल्बम लग्नघरचा. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी पण विचारलं नव्हतं." कायदा बाजूला ठेवला तरी रडणारा चेहरा तिचा होता. तिला विचारायला एक फोन पुरला असता.

पैसे देणारा मालक, ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा हा मंत्री, त्याने ते लेणं दान दिलं. दात्याचं नाव पंधराशे वर्षं टिकलं. भिंती रंगवणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मेजर रॉबर्ट गिलला त्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. त्याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठी चित्रं रंगवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली त्यातली बहुतेक चित्रं १८६६च्या आगीत जळाली. गिलने पुढे कॅमेराही हातात घेतला. त्याने काढलेले वेरूळ-अजिंठ्याचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकात छापले गेले.

गिलने कोणाला विचारलं? चित्रकाराला विचारणं शक्यच नव्हतं. आणि कोणीच नकला केल्या नसत्या, तर झिजत चाललेल्या त्या भिंतींची जुनी नोंद आपल्याकडे आणखी कमी उरली असती. म्हणून नक्कल करणं हाच गुन्हा, असं मी म्हणणार नाही. संस्कृती नकलांवरच चालते. माझं म्हणणं एवढंच की ज्याला विचारता येतं, त्याला विचारावं. मामा माझ्या फोनमध्ये होते. 'म' टाइप केलं की पहिलं नाव त्यांचंच येतं.

आता हॉटेलवाले म्हणतात, पुढच्या वेळी एआयकडून चित्र काढून घेऊ, कटकट नको. ते चित्र येतं कुठून? २०२२ मध्ये आलेल्या लायन-५बी या संग्रहात इंटरनेटवरच्या ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णनं आहेत. अशा साठ्यांवर ही मॉडेल्स शिकली. माझे मित्र विचारतात, आपणही दुसऱ्यांचं बघूनच शिकतो ना? खरं आहे, मामाही जुने अल्बम बघून शिकले. पण ते शिकून एका शहरात एक दुकान चालवतात. ज्यांचं बघून शिकले त्या सगळ्यांचं काम एका रात्रीत ओढून घेत नाहीत. दुसरा मुद्दा येतो की एवढ्या लोकांना विचारणं अशक्य आहे. माझ्याच व्यवसायातल्या माणसाने हे म्हटलं की मला हसू येतं. टपरीवरच्या दहा रुपयांच्या चहाचे पैसे दोन सेकंदांत बरोबर खात्यावर पाठवणारी यंत्रणा आपण उभी केली. विचारणं अशक्य नाही, महाग आहे. आणि ते महाग म्हणून टाळलं, तर त्याला माझ्या शून्यापेक्षा वेगळं नाव देता येत नाही.

हॉटेलवाले म्हणाले, नाव टाकू, पण पैसे नाही. मी माझ्या बिलातून चार हजार मामांना पाठवले. मला वाटलं होतं, ते परत करतील. केले नाहीत, आणि ते बरंच झालं. कापूस काढून मूळ फाईल लावली, खाली नाव टाकलं. कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकले तरी 'हे मी केलं' म्हणण्याचा आणि कामाची मोडतोड अडवण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. मग आम्ही दोघांनी मिळून एका पानाचा कागद केला. कुठे वापरणार, किती दिवस, नाव कुठे, रक्कम किती. मुदत लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षं धरतो, हे मामांना तेव्हा कळलं. आता ती ओळ ते सगळ्यात आधी भरतात. लग्नाच्या कागदावरही एक चौकोन वाढलाय. इन्स्टाग्रामवर टाकले तर चालतील का, हो किंवा नाही.

परवा ग्रुपवर त्यांनी दौलताबादच्या किल्ल्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "बघायला सगळ्यांना. वापरायचा असेल तर फोन करा." मी फोन केला. पाच मिनिटं बोललो, त्यातली चार जेवणाबद्दल होती.