माफ केलेल्या कराचा हिशेब कोण ठेवणार?

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी भाड्याची जी नवी घरे होतात, ती बहुतांशी सरकार स्वतः बांधत नाही. १९८६च्या करसुधारणा कायद्याने तिथे वेगळी वाट काढली. मालकाने ठरावीक घरे मर्यादित भाड्याने द्यायची आणि सरकारने त्याबदल्यात दहा वर्षे आयकरात सवलत द्यायची. बिल्डरला पैसा मात्र बांधकामाच्या वेळीच हवा असतो. म्हणून ही सवलत तो बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या पदरात टाकतो आणि त्यांच्याकडून भांडवल उचलतो. बँकेचा कर वाचतो, इमारत उभी राहते, आणि तिजोरीतून एकही धनादेश निघत नाही. या मार्गाने आजवर तीस लाखांहून अधिक घरे झाली. हे काम मोठे आहे, ते बंद पडावे असे कोणीही विचारी माणूस म्हणणार नाही.

पण धनादेश निघाला नाही म्हणून पैसा गेला नाही, असे थोडेच आहे? दरवर्षी अब्जावधी डॉलरचा कर सोडून दिला जातो आणि तेवढी तूट बाकीच्या करदात्यांच्या माथी येते. तिजोरीतून दिलेल्या अनुदानाइतकाच तो जनतेचा पैसा आहे. मग त्यावर नजर कोणाची?

इथे या योजनेचे खरे दुखणे आहे. केंद्राच्या पातळीवर ही योजना गृहनिर्माण खात्याकडे नाही, आयकर खात्याकडे आहे. सवलतींचे वाटप आणि इमारतींची तपासणी राज्यांच्या गृहनिर्माण संस्था करतात. त्या संस्थांवर देखरेख आयकर खात्याने ठेवायची. आपल्याकडच्या कॅगचे काम तिथे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस करते. त्याने २०१५ साली अहवाल दिला, त्यातला आकडा प्रत्येक करदात्याने वाचावा असा आहे: १९८६पासून तोवर, वाटप करणाऱ्या ५६ संस्थांपैकी फक्त ७ संस्थांचे लेखापरीक्षण आयकर खात्याने केले होते. जवळजवळ तीस वर्षांत सात! मायामीत काही बिल्डरांनी बांधकामाचा खर्च फुगवून कोट्यवधी डॉलरच्या सवलती लाटल्या, तो खटला याच काळातला. लबाडी करणारे थोडेच असतील. पण दाराला कुलूपच नसेल, तर प्रामाणिक बिल्डरचे नावही त्यांच्याबरोबर खराब होते.

पैशापेक्षा मला भाडेकरूची अधिक काळजी वाटते. नियमाप्रमाणे राज्याचा निरीक्षक तीन वर्षांतून किमान एकदा येतो आणि इमारतीतली काही घरे नमुन्यादाखल पाहतो. न्हाणीघराच्या भिंतीला बुरशी आहे, धुराचा इशारा देणारी घंटा बंद आहे, असे दिसले की मालकाला नोटीस जाते आणि ८८२३ क्रमांकाचा फॉर्म आयकर खात्याला जातो. त्या बुरशीच्या भिंतीशेजारी जी बाई लेकरांना घेऊन झोपते, ती या सगळ्या पत्रव्यवहारात पक्षकारच नाही. शिवाय आयकराची कागदपत्रे गोपनीय. मालकाची करविषयक माहिती जपण्यासाठी केलेला कायदा योग्यच आहे, पण त्याच्या आडोशाला घराची अवस्था झाकली जाते.

भाड्याचेही तसेच. भाड्याची कमाल मर्यादा त्या भागाच्या मध्यम उत्पन्नावरून ठरते, कुटुंबाच्या प्रत्यक्ष कमाईवरून नाही. समजा, उत्पन्नमर्यादा वर्षाला ४८,००० डॉलर आहे. तिचे तीस टक्के धरले तर महिन्याचे भाडे १,२०० डॉलरपर्यंत जाऊ शकते. पण घरात ३०,००० डॉलरच येत असतील, तर जवळजवळ निम्मी कमाई भाड्यात जाते. कागदोपत्री सगळे नियमात असते, आणि महिनाअखेरीला औषध घ्यावे की विजेचे बिल भरावे, हा प्रश्न त्या घरात उरतोच.

पंधरा वर्षे झाली की आयकर खाते बाजूला होते. पुढच्या पंधरा वर्षांची भाडेमर्यादा पाळली जाते की नाही, हे राज्याने पाहायचे. त्यातही चौदाव्या वर्षानंतर अनेक ठिकाणी मालक राज्याला सांगू शकतो की ठरलेल्या सूत्राने निघणाऱ्या किमतीला माझ्या इमारतीसाठी गिऱ्हाईक शोधा. वर्षभरात मिळाले नाही, तर बंधन सुटते. आहे त्या भाडेकरूंना आणखी तीन वर्षे संरक्षण मिळते, मग घर बाजारभावाला जाते. जनतेने तीस वर्षांचे घर समजून कर सोडला आणि पदरात पडले निम्म्या काळाचे. २०२५च्या कायद्याने या सवलती आणखी वाढवल्या. जितकी सवलत वाढते तितकी तपासणीही वाढायला हवी, हा साधा न्याय आहे.

महाराष्ट्राने हे नीट पाहावे, कारण आपणही याच रस्त्याने निघालो आहोत. २००८ साली एमएमआरडीएने बिल्डरांना वाढीव चटईक्षेत्र देऊन भाड्याची घरे उभारायला घेतली. १६० चौरस फुटांच्या खोल्या झाल्या, पण भाड्याच्या घरांचा मूळ हेतू मागे पडला. पनवेलजवळ कोन इथे अशा दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना देण्याचे ठरले. २०१६ साली सोडत निघाली. पण करोनाच्या काळात इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, घरांची दुरवस्था झाली, आणि ज्यांची नावे सोडतीत लागली होती ते म्हातारे कामगार वर्षानुवर्षे चावीची वाट पाहत राहिले. २०२० साली केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. तिच्यात खाजगी मालकाने २५ वर्षे घरे भाड्याने चालवायची आणि त्या बदल्यात आयकर व जीएसटीत सवलत घ्यायची.

ते पंचविसावे वर्ष येईपर्यंत सरकारे बदलतील, इमारत दोन-तीनदा विकली जाईल, फाइल कोणत्या कपाटात आहे हे सांगणारा अधिकारी निवृत्त होईल. म्हणून सवलतीचा करार होतानाच त्यात भाडेकरू पक्षकार असावा. तपासणीचा अहवाल इमारतीच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लागावा. मुदत कोणत्या तारखेला संपते, ते प्रत्येक भाडेपावतीवर छापलेले असावे. आणि भाडेमर्यादा मोडली, तर सोडलेला कर व्याजासह वसूल करण्यासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क सरकारी वकिलाइतकाच तिथे राहणाऱ्या कुटुंबालाही असावा.