भयाचे विडंबन

शृंगारापासून हास्य निपजते आणि बीभत्सापासून भयानक, असा रसांचा जन्मक्रम भरतमुनींनी सांगितला आहे. भयानकापासूनही हास्य निपजू शकते, हे त्यांनी तेथे सांगितलेले नाही. ती उणीव आमच्या विदर्भाने भरून काढली, असे म्हणावयास हरकत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन अक्राळविक्राळ बाया, आणि त्यांच्याबरोबर बडगे, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना जाचणाऱ्या गोष्टींची सोंगे. ज्याला भ्यायचे त्याचीच मिरवणूक काढायची, थट्टा करायची आणि शेवटी त्याला गावाबाहेर नेऊन जाळायचे! शंभराहून अधिक वर्षे हे चालू आहे.

भयाची थट्टा करण्याची ही हौस पडद्यावरही उतरली आहे, आणि तिने माझ्यापुढे एक कोडे टाकले आहे. आपण हसतो ते भयाला, की भ्यालेल्याला?

अमेरिकेत १९७८ साली ‘हॅलोविन’ आणि १९८० साली ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ हे चित्रपट निघाले व त्यांच्या यशामुळे एक साचाच तयार झाला. कोणी एक खुनी सुरा घेऊन तरुण पोरापोरींच्या पाठीस लागतो आणि एकेकास टिपतो. बळींचा क्रमही बहुधा ठरलेला. दारू पिणारा, चोरून प्रेम करणारी, ही मंडळी आधी जातात. अखेरीस वाचते ती अभ्यासू, लाजाळू, नाकासमोर चालणारी मुलगी. माझ्या आजीने हे चित्रपट पाहिले असते, तर रक्त पाहून तिने डोळे मिटून घेतले असते. परंतु त्यातला न्याय तिला खचित पसंत पडला असता. या भयाच्या पोटात एक निवाडा दडलेला असतो. जो मेला तो आपल्या करणीने मेला, असे ठरले की प्रेक्षक शेंगदाणे खावयास मोकळा!

१९९६ साली वेस क्रेव्हन यांच्या ‘स्क्रीम’ने हा साचा उघडा केला. त्यातील एक चित्रपटवेडा पोरगा जिवंत राहण्याचे नियमच वाचून दाखवितो: प्रेमाचे चाळे करू नयेत, दारूला शिवू नये, आणि ‘आत्ता येतो’ म्हणून खोलीबाहेर जाऊ नये. चार वर्षांनी वेयन्स बंधूंनी त्याचे विडंबन केले, ते ‘स्केअरी मूव्ही’. (‘स्क्रीम’चे मूळचे नावही हेच होते.) हा चित्रपट मुलाबाळांना घेऊन पाहण्यासारखा नाही, हे येथेच सांगून टाकतो, त्यात अचकटविचकटपणा फार आहे. पण काही जागा अस्सल आहेत. खुनी मागे लागलेला असताना त्या पोरीपुढे पिस्तूल, सुरा, बॉम्ब आणि केळे असते. ती केळे उचलते. धावता धावता दोन पाट्या दिसतात, एकीवर ‘सुरक्षितता’, दुसरीवर ‘मृत्यू’. ती मृत्यूच्या वाटेला लागते. हे झेंडूच्या फुलांच्या जातीचे विडंबन आहे. पूर्वी आपण हातचे शस्त्र टाकून पळणाऱ्या नायिकेवर मनातल्या मनात चिडत होतो. ती चीड येथे पाटीवर लिहून दाखविली आहे, इतकेच.

पण याच चित्रपटात एक प्रसंग असा आहे की तो माझ्या मनातून जात नाही. ‘स्क्रीम’च्या १९९७ सालच्या दुसऱ्या भागात एक स्त्री भरल्या चित्रपटगृहात भोसकली जाते आणि पडद्यासमोर तडफडते, प्रेक्षकांना वाटते, ही जाहिरातीचीच काही युक्ती आहे. विडंबनकारांनी हा प्रसंग उचलला आणि उलटा केला. त्यांची तरुणी चित्रपट चालू असताना मोठमोठ्याने बडबडत असते. मुखवटेवाला शेजारी येऊन बसतो खरा, पण त्याचा हात उठण्यापूर्वीच संतापलेले प्रेक्षक तिला भोसकतात!

मीही हसलो. टॉकीजमध्ये मागच्या रांगेत बडबडणाऱ्याचा संताप ज्याला आला नाही, असा माणूस अमरावतीत काय अन् अकोल्यात काय, मिळणे कठीण. पण हसू ओसरल्यावर ध्यानात आले की तो विनोद खुन्यावर नव्हता आणि त्या पोरीवरही नव्हता. तो खुर्चीत बसलेल्या माझ्यावर होता. निवाडा करणारा मी, सुराही माझ्याच हातात. या एका प्रसंगासाठी मी त्या चित्रपटाचे पुष्कळ अपराध पोटात घालावयास तयार आहे.

आपल्याकडचा नमुना निराळा. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. खुनी माणसाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची. तेथे बाहुला एका सहा वर्षांच्या पोराच्या मागे लागतो. येथे तो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भाबड्या लक्ष्याच्या मागे लागतो. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू यांनी घरोघरच्या पोरांची झोप उडविली आणि त्यांना हसविलेही. याला काटेकोर अर्थाने विडंबन म्हणता येणार नाही. पण लक्ष्या ‘बाहुला जिवंत आहे’ असे ओरडून सांगतो, आणि सारे त्याला वेडा ठरवितात, तेव्हा त्याचे खरे ठाऊक असणारे आपणच असतो. आपण त्याच्या फजितीला हसतो, पण त्याच्या बाजूने हसतो. करणीचा निवाडा येथे नाही. भाबडेपणा हा काही गुन्हा नव्हे.

ही बाजू फार महत्त्वाची आहे, आणि आमच्या भागात ती नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास मामाकडे वाढलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच उत्तरांनी त्यांना हसवीत. कोंबड्या-बकऱ्यांचा बळी मागणाऱ्या देवाची ते भर सभेत फजिती करीत. पण देवाच्या धाकाने बकरे कापणारा गरीब समोर बसलेला असे, तोही हसून घरी जाई.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा मुलांनी भुताच्या चित्रपटांवर नाटुकले बसविले. वाड्यात तीन मित्र. प्रत्येक जण ‘आत्ता येतो’ म्हणून आत जातो आणि किंकाळी ऐकू येते. मांडव हसून लोटपोट झाला. मग भगत आला. त्याने ‘झपाटलेल्या’ बाईला, म्हणजे लुगडे नेसलेल्या आठवीतल्या मुलाला, निंबाच्या डहाळीने झोडपले आणि मिरचीची धुरी दिली. पुरुषांची बाजू हसतच होती. बायांची बाजू गप्प झाली. भूत उतरविण्याच्या निमित्ताने अशी मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे. परंतु त्या गप्प बसलेल्यांपैकी किती जणींनी ती डहाळी कोणाच्या पाठीवर पाहिली असेल, हे मला विचारवले नाही.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या आग्रहाने नाटुकले पुन्हा व्हावयाचे होते. मी मुलांना एवढेच विचारले, ‘काल बाया का रे हसल्या नाहीत?’ कोणी उत्तर दिले नाही. प्रयोगात मात्र भगताने डहाळी उगारताच लुगड्यातल्या पोराने ती हिसकावली, पदर खोचला, आणि ‘थांब बुवा, आता तुह्याच आंगातलं भूत काहाडतो!’ म्हणत त्याला मांडवभर पळविले. भगताची दाढी पहिल्याच फेरीत गळून पडली. या खेपेस हसू उठले ते आधी उजवीकडून, बायांच्या बाजूने.